इनास अंकलचा बसण्याचा दिवस

इनास अंकल वर्षातून एकच दिवस बसायचे. बाकीच्या दिवशी मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही, आणि आमची ओळख सव्वीस वर्षांची. बँक्वेटमध्ये ते उभे, किचनमध्ये उभे, माझ्या केबिनमध्ये आले तरी दाराजवळ उभे. जेवायचेसुद्धा उभ्यानेच, स्टीलच्या टेबलाला कंबर टेकवून, पाच मिनिटांत. काळ्या बुटांचे तळवे दर वर्षी बदलून घ्यायचे, बूट मात्र तेच.

तो एक दिवस म्हणजे फेब्रुवारीतला आमच्या संताचा सण. आम्ही दोघं वसईचे, ख्रिस्ती. संतही वसईतच जन्मला आणि जपानात क्रुसावर गेला. त्या दिवशी अंकल रजा घ्यायचे, सूट घालायचे, सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन पहिल्या बाकावर बसायचे. मग मेट्रोने दुबईच्या अल बर्शा भागात उतरून एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल घ्यायचे आणि सूपपासून कॉफीपर्यंत तीन तास बसून राहायचे. वेटर चुकला तर चकार शब्द काढायचे नाहीत. एका वर्षी मी सोबत होतो. पोराने प्लेट उजवीकडून ठेवली. मी अंकलकडे पाहिलं. ते म्हणाले, "आज मी बसलोय. आज त्याचं त्याला बघू दे."

एरवी अशी चूक त्यांनी कुणाला माफ केली नाही. मी दुबईत आलो तेव्हा देराच्या एका हॉटेलात भांडी घासत होतो आणि अंकल तिथे कॅप्टन, म्हणजे वेटरांचे मुकादम होते. एकदा वेटर कमी पडले म्हणून त्यांनी मला ओल्या हातांनी बाहेर ओढलं, कोट चढवला आणि हातात तीन प्लेटा दिल्या. पहिल्याच पाहुण्याला मी समोरून प्लेट सरकवली. कानाशी आवाज आला, "डावीकडून, पास्कू. वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून. आणि प्लेट ठेवण्याआधी माणसाचं तोंड बघायचं. भूक कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं." पास्कल हे माझं नाव. पास्कू म्हणणारे दुबईत ते एकटेच.

पुढे मी स्वतःची केटरिंग कंपनी काढली. कुणी हात दिला नाही. देराच्या बाजारात कांद्याच्या गोणीसाठी तासभर घासाघीस करायचो, दुकानदार हात जोडून म्हणायचा, "खलास हबीबी, घेऊन जा." तोंडावर आणि रागावर मी धंदा उभा केला, हे मान्य करायला मला लाज नाही. हॉटेल सोडून अंकल माझ्याकडे आले आणि त्या दिवसापासून मला शेठ म्हणू लागले. मी म्हटलं, "अंकल, तुम्ही तरी नका." ते म्हणाले, "ड्युटीवर शेठ. ड्युटी सुटली की पास्कू." त्यांची ड्युटी क्वचितच सुटायची.

माझ्याकडे सत्तर माणसं. त्यातली चौदा वसईची पोरं, सगळी अंकलनी शिकवलेली. नाताळ, ईस्टर हे आमच्या धंद्याचे सगळ्यात गर्दीचे दिवस, त्यामुळे सणाला घरी बसणं या पोरांच्या नशिबात नव्हतं. उरायचा तो संताचा एक दिवस. तो कुठल्याच कॅलेंडरात नसतो, म्हणून त्या दिवशी पार्ट्याही नसतात. दोन महिने आधी अंकल पंधरा अर्ज एकत्र आणून द्यायचे. मी कुरकुरायचो, "पंधरा जण एकदम? कंपनीला कुलूप लावू का?" आणि सही करायचो.

आता माझं सांगतो. आठवीत असताना आईने मला सणाला नेलं आणि त्याच दिवशी शाळेत गणिताची परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गासमोर उभं केलं. "कुठला संत? कॅलेंडरात दाखव." मी भिंतीवरच्या कॅलेंडरापर्यंत गेलो आणि परत आलो. ती तारीख काळी होती. पेपर पुन्हा घेतला नाही, वर्ष गेलं. गावात मंडळी त्या दिवसाच्या सार्वजनिक सुट्टीसाठी निवेदन देणार आहेत असं कळलं, तेव्हा मी त्यात का उडी घेतली हे कुणाला सांगायची गरज नाही. गावच्या समितीने कळवलं की आखातातल्या वसईकरांचं पत्र सोबत जोडू, पण ते एकमताने हवं, तरच वजन पडेल. मी दोन वर्षं फोन केले, लोकांना गोळा केलं. आमच्या पुण्याच्या अकाउंटंटने विचारलं, "आधीच सुट्ट्या काय कमी आहेत का?" त्याच्याशी मी आठवडाभर बोललो नाही.

अंकलना मी म्हणायचो, "संत माझ्यासारखा होता बघा. व्यापार करायला गेलेला माणूस." ते म्हणायचे, "हो शेठ. पण त्याने व्यापार सोडला होता."

बैठक अल बर्शातल्या एका रेस्टॉरंटच्या पार्टी हॉलमध्ये होती. दीडशे माणसं जमली. माझी चौदा पोरं ड्युटीवरून थेट युनिफॉर्ममध्ये आली होती. पुढच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या होत्या तरी सवयीने ती भिंतीला ओळीत उभी राहिली. मी पत्र वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. रीत म्हणून विचारलं, "कुणाचा विरोध?" आणि मी पेनाचं टोपण काढलं.

"माझा," इनास अंकल म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतात. काही जण हसलेही. अंकल पुढे आले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "पास्कू, ही सही कुणाची?"

सही माझी होती. ते माझ्याच कंपनीचं सर्क्युलर होतं, हजेरीच्या मशिनशेजारी दर वर्षी लागणारं. भारतात सुट्टी लागली की दुबईची हॉटेलं भरतात आणि इथल्या आपल्या लोकांच्या पार्ट्या सुरू होतात. एका दिवाळीला सात पोरं रजेवर गेली आणि मला स्वतः डोशाच्या तव्यापाशी उभं राहावं लागलं, तेव्हापासून मी नियम केला. इथल्या आणि भारतातल्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी, आणि खाली एक ओळ: या दिवशी कोणाचीही रजा मंजूर होणार नाही.

"गावाला सुट्टी मिळाली की संत या यादीत येणार," अंकल म्हणाले. "कॅलेंडरात लाल झाला की तुझ्या यादीत काळा. ही पोरं त्या दिवशी मिस्साला जायची नाहीत. दुसऱ्यांना जेवायला वाढतील."

"अंकल, हा कंपनीचा विषय आहे. इथे गावाचा विषय चाललाय."

"गाव ते बघ, भिंतीला उभं आहे."

दीडशे माना वळल्या. पोरांनी खाली पाहिलं. मागून एक नर्स उठली, म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलातही सुट्टीच्या दिवशी आम्हालाच बोलावतात. माझंही नाव लिहू नका." मग हॉटेलवाले उठले, एकामागून एक. एकमत मोडलं होतं; मी उघड्या पेनाला टोपण लावलं आणि पत्राची घडी घातली.  ज्या माणसाने मला प्लेट धरायला शिकवली, त्याने भरल्या हॉलमध्ये माझ्या हातून प्लेट पाडली. मला तेव्हा हेच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरेच महिने हेच वाटत राहिलं. मला एकट्याला सांगायला काय झालं होतं?

घरी जाताना गाडीत माझी मुलगी म्हणाली, "डॅडा, ही वॉज नॉट राँग." मी तिला गप्प बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याचं आज मलाच नवल वाटतं. मी नवं सर्क्युलर काढलं, सणाच्या मंजूर केलेल्या रजा रद्द केल्या आणि यादीत संताचा दिवस स्वतःच घातला. सरकारने घालायची वाट कशाला बघायची? तुम्हाला सुट्टी नको आहे ना, घ्या. एचआरची प्रियांका म्हणाली, "सर, ही तारीख कुठल्याच लिस्टमध्ये नाहीये." मी म्हटलं, "आता आहे."

अंकलनी ते मशिनजवळ उभ्यानेच वाचलं. नंतर केबिनमध्ये आले, दाराशी थांबले. मी सौदा टाकला. "तुमची रजा चालू राहील. तुमच्या एकट्याची."

"आणि चौदा जणांची?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं शेठ," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांचा राजीनामा टेबलावर होता. नोटिशीचे दिवस त्यांनी असे मोजले होते की शेवटची ड्युटी सणाच्या आदल्या दिवशी संपत होती. तो महिनाभर ते एक मिनिट उशिरा आले नाहीत. पोरांना नॅपकिनच्या घड्या नव्याने शिकवल्या.

सणाच्या दिवशी एका मोठ्या लग्नाचं काम आलं होतं. चौदाही पोरं मी तिकडे पाठवली. वसईकरांचं सणाचं जेवण दुपारी त्याच अल बर्शातल्या हॉलमध्ये होतं. बुफे लावला होता, तिकीट लावून. मी यजमान म्हणून दारात तिकिटं फाडत उभा होतो. अंकल आले ते सूट घालून. हातात तिकिटं होती, एक नाही, पंधरा. "पन्नास दिरहमचं एक," ते म्हणाले. "बाराशे रुपयांत वसईत घरचं सगळं जेवतं, पास्कू." पास्कू म्हणाले, म्हणजे ड्युटी सुटली होती.

कोपऱ्यातलं लांब टेबल त्यांनी घेतलं आणि मधल्या खुर्चीवर बसले. दोन्ही बाजूंना सात-सात खुर्च्या रिकाम्या. कुणी त्या ओढायला आलं की म्हणायचे, "लोक येणार आहेत." लोक रांगेत लागले, ताटं भरली, हॉलमध्ये गलका झाला. अंकल बसून राहिले. अर्धा तास झाला. शेवटी मी गेलो. "अंकल, बुफे आहे. उठा, घ्या."

"आज मी बसलोय."

वाढायला कुणी नव्हतं. असणार कसं, मीच सगळे लग्नावर धाडले होते. हॉलमधले लोक आता आमच्याकडे बघत होते. मी एक ताट भरून आणलं आणि रागारागात त्यांच्यासमोर ठेवायला गेलो.

"डावीकडून, पास्कू."

मी डावीकडे गेलो. ठेवलं. त्यांनी ताटाला हात लावला नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "त्यांनाही वाढ. तिकिटं फाडली आहेस तू."

मी काय करायला हवं होतं? ओरडू शकलो असतो. निघून जाऊ शकलो असतो. मी चौदा ताटं आणली. एकेका रिकाम्या खुर्चीच्या डावीकडून वाकून ठेवली. प्लेट ठेवण्याआधी तोंड बघायची त्यांनीच लावलेली सवय, आणि तिथे तोंड नव्हतं.  शेवटचं ताट ठेवल्यावर अंकलनी क्रुसाची खूण केली आणि जेवायला सुरुवात केली. सावकाश, सगळं संपवून. आमचं तेवढंच बोलणं झालं. त्याच आठवड्यात ते कायमचे गावी गेले.

पुढच्याच महिन्यात सर्क्युलर बदलून मी ती तारीख काढली. खाली लिहिलं की सरकारने कधी ही सुट्टी जाहीर केली तरी आमच्या यादीत हा दिवस येणार नाही. गावची सुट्टी अजून मंजूर झालेली नाही. दर फेब्रुवारीत वसईकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो, आणि मला अजूनही ती तारीख लाल हवी आहे. मास्तरांना मी विसरलेलो नाही. अंकलना हे फोन करून सांगायचं होतं. पण पहिला फोन त्यांनी करावा असं मला वाटत होतं, कारण भरल्या सभेत अपमान माझा झाला होता. मी वाट बघत राहिलो. सहा महिन्यांत फोन आला तो त्यांच्या पुतण्याचा. अंगणात खुर्चीवर बसले होते, म्हणाला, तसेच गेले.

खुर्चीवर, हे ऐकून मी पुतण्याला पुन्हा विचारलं. माझा विश्वास बसेना.

ग्रुपवर टाकायला त्यांचा फोटो हवा होता म्हणून मी प्रियांकाकडे त्यांची फाइल मागितली. फोटोमागे रजेचे अर्ज लावलेले होते, वर्षावर्षाचे, प्रत्येकावर माझी सही. कारणाच्या रकान्यात सगळीकडे दोनच शब्द: संताचा सण. शेवटच्या दोन अर्जांवर मात्र खाली आणखी काही लिहिलं होतं. हे अर्ज मी निवेदनासाठी फोन करत फिरत होतो त्या दोन वर्षांतले.

पहिल्यावर होतं: "शेठ, सुट्टी झाली तर आपल्या यादीमुळे पोरांची रजा जाईल. बोलायचं आहे." आणि दुसऱ्यावर: "शेठ, मागच्या वर्षीही लिहिलं होतं. एकदा केबिनमध्ये बसायला सांगा. पाच मिनिटं बोलतो."

दोन्हीच्या खाली मंजूर असा शिक्का आहे आणि माझी सही आहे. माझ्या केबिनमध्ये टेबलासमोर पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या आहेत, पहिल्या दिवसापासून.