चिमणीच्या गळ्यातला पट्टा

गणपतराव गवळ्यांच्या गोठ्यातली सगळ्यात दांडगी म्हैस म्हणजे चिमणी. नाव ती लहान असताना ठेवलं, असं ते सांगतात. म्हैस पुढं मोठी होते, हे तेव्हा घरात कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

माणूस तसा समाधानी. पत्नी मीनाबाईंच्या मते गरजेपेक्षा जास्तच. सल एकच. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं खोचून म्हशी मालकाच्या मोटरसायकलीमागं पळवतात, त्यात पहिला मान दरवर्षी शेजारच्या गोठ्याच्या मालकाला, विजयसिंहाला मिळतो. मरण्याआधी एकदा विजयसिंहाला हरवायचं, एवढीच गणपतरावांची आध्यात्मिक आकांक्षा.

यंदा विद्यापीठातली एक संशोधन संस्था त्यांच्या मदतीला आली. तिला याची कल्पना नव्हती. 'डिजिटल तंत्रज्ञान आणि समाज' हा तिचा विषय. फिनलंडचं एक विद्यापीठ आणि बेंगळुरूची एक कंपनी तिचे भागीदार. समाजाची सुरुवात कुठून करावी यावर तिघांच्या बऱ्याच बैठका झाल्या आणि म्हशीपासून करावी असं ठरलं. संमतिपत्रावर चिमणीच्या वतीनं गणपतरावांनी सही केली. संशोधिका प्रीती हिनं चिमणीच्या गळ्यात हिरवा दिवा लुकलुकणारा पट्टा बांधला. म्हैस अस्वस्थ झाली की पट्टा पीं पीं करणार आणि तशी नोंद फिनलंडला जाणार. मालकानं लगेच जाऊन तिला शांत करायचं.

गणपतरावांना पट्ट्यात फक्त दिवा दिसला. असा दागिना विजयसिंहाच्या म्हशीच्या सात पिढ्यांत नव्हता.

शांत कसं करायचं हे प्रीतीनं सांगितलं नव्हतं, म्हणून गणपतराव मूठभर सरकी पेंड चारत. पट्टा वाजला की पेंड. थोड्याच दिवसांत चिमणीनं स्वतःचं संशोधन पूर्ण केलं: मान जोरात झटकली की पट्टा वाजतो. ती उठता बसता अस्वस्थ होऊ लागली. फिनलंडला काळजी वाटू लागली. इतकी दुःखी म्हैस इतकी जाडजूड कशी, असं फोटो बघून त्यांनी मेलवर विचारलं.

पाडवा उजाडला. गणपतरावांनी फेटा बांधला, मोटरसायकलीचा सायलेन्सर काढला, चिमणीला हाळी दिली आणि निघाले. चिमणी मागून सुसाट. पंचांच्या मांडवाच्या अलीकडं पळण्याच्या हिसक्यांनी पट्टा वाजायला लागला. चिमणी जागच्या जागी थांबली आणि पेंडीची वाट पाहू लागली.

सायलेन्सर काढलेल्या गाडीवर माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. गणपतराव एक हात उंचावून, गर्दीला अभिवादन करत पंचांपुढून एकटेच दिमाखात गेले.

"पावणं, म्हस कुठं हाय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

म्हस मागं, आपल्या पाळीसाठी थांबलेल्या विजयसिंहाच्या खिशात तोंड घालून उभी होती. आपली म्हैस मागं यावी म्हणून तो खिशात पेंड ठेवतो, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. आता चिमणीलाही कळलं. विजयसिंहानं गाडी हाकली, मागं त्याची म्हैस आणि तिच्या बरोबरीनं चिमणी, दिवा लुकलुकत. एका हाळीवर दोन म्हशी पळवल्याबद्दल पंचांनी त्याला पहिला मान दिला आणि हिरव्या दिव्याचं खास कौतुक केलं.

मीनाबाई दोन दिवस तोंडाला पदर लावून स्वयंपाक करत होत्या.

प्रीती पट्टा काढून न्यायला आली ती ओशाळूनच. फिनलंडच्या नोंदीप्रमाणं चिमणी त्या दिवशी शेवटच्या टप्प्यात कमालीची सुखी होती, हे तिनं जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. काकांची हरकत नसेल तर पुढचं वर्षभरही अभ्यास चालवायचा होता, पण एवढं झाल्यावर विचारायचं कसं, असं तिला वाटत होतं.

गणपतरावांनी शेजारच्या गोठ्याकडं बघितलं.

"चालतंय की मॅडम," ते म्हणाले. "फकस्त चिमणीचा पट्टा सोडा आणि विजयसिंहाच्या म्हशीला बांधा. तिला शांत करायचं काम माझ्याकडं राहू दे."

मग त्यांनी मीनाबाईंना हाक मारून सांगितलं, सदऱ्याला मोठे खिसे शिवून घे.