बर्फात ठेवलेली बाटली

माझी धाकटी जाऊ लोकांच्या घरच्या पाण्यात अमिबा शोधते. तशी मीही शोधते, तिच्या आधी नऊ वर्षं शोधत होते, पण पाहुणे आले की सासूबाई तिचंच कौतुक सांगतात. "आमच्या धाकटीची नजर फार बारीक." तेव्हा मी चहा गाळत असते.

प्रयोगशाळेत तिला मीच चिकटवली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. डबा विसरणारी, ॲप्रन उलटा घालणारी बाई ही! पण ताटलीवर जिवाणूंचा थर पसरून त्यावर पाणी घातलं आणि ती उबेत ठेवली, की अमिबाने तो थर कुठे कुरतडलाय हे तिला उभ्या उभ्या दिसतं. मला भिंग लागतं. साहेब तर आता माझ्या टेबलावरून पुढे जाऊन तिला हाक मारतात. मी जळते. अगदी आतून जळते.

त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी होत होती आणि ती आम्हा दोघींपैकी एकीलाच मिळणार होती.

त्याच आठवड्यात एका घड्याळजीच्या घरचं पाणी आणायला मी गेले. सर्दीचा जुना त्रास म्हणून तो रोज नळाच्या पाण्याने नाक धुवायचा, आणि टाकी आतून बुळबुळीत झालेली. आम्ही शोधतो तो अमिबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर थेट मेंदू गाठतो. मी बाटली भरली आणि सवयीने बर्फाच्या पेटीत ठेवली. इतर तपासण्यांचं पाणी बर्फातच आणतात. हा अमिबा मात्र थंडीने मरतो, त्याचं पाणी बर्फाशिवाय आणायचं असतं.

"ताई, ही बर्फात नको होती ना?" धाकटीने दारातच विचारलं.

"आता तू मला शिकवणार?" मी म्हणाले, आणि हट्टाने तीच बाटली तपासायला घेतली.

ताटलीवरचा थर कुठेच कुरतडलेला दिसला नाही. मी घड्याळजीला फोन करून सांगितलं, "खुशाल वापरा."

 धाकटी परस्पर त्याच्या घरी गेली, नाकाला पाणी लावू नका म्हणून बजावलं, टाकीची भिंत खरवडून नवा नमुना आणला. तिसऱ्या दिवशी थराला भोकं पडली होती. अमिबा होता. टाकी उपसून क्लोरीनने धुतली आणि घड्याळजी वाचला.

साहेबांनी दोघींना बोलावलं. "पहिला अहवाल चुकला कसा?"



"बाटली इथे आल्यावर मीच बर्फात ठेवली, सर," धाकटी म्हणाली.

साहेबांनी तिला चांगलंच झाडलं. हे ऐकायला मी किती दिवस कान टवकारून होते! बाटली मीच बर्फात ठेवली होती, हे काही मी सांगितलं नाही.

"असं का केलंस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"मला इथे आणलं कोणी, ताई?" ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

प्रमुखाची जागा मला मिळाली. अभिनंदन करायला सगळ्यांत आधी तीच आली. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिले. तिला माझा थोडा तरी हेवा वाटावा, एवढंच मला हवं होतं. तो कुठेच नव्हता.