सातवा ठोका

कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशी मी आधी सामानाची यादी केली. कीबोर्ड एक, यंत्र सगळं त्याच्याच पोटात. वायरी तीन, त्यातली एक कापलेली. इंग्रजी पुस्तक एक, पहिली बारा पानं उंदरांनी खाल्लेली. कॅसेटी चार. पडदा नव्हता, तो आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचाच वापरायचा होता. बाबा आदिलाबादला शिक्षक होते. त्यांच्या शाळेत हे यंत्र सरकारी योजनेतून आलं आणि आठ-नऊ वर्षं प्लॅस्टिकच्या कव्हराखाली कुलपात राहिलं, कारण ते चालवायचं कसं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. नवी खोली बांधायला घेतली तेव्हा हेडमास्तरांनी ते मोडीत काढलं, रीतसर कागद केला आणि बाबांना म्हणाले, "तुमची मुलगी शिकतेय ना? घेऊन जा."

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. तिथली यंत्रं आमच्यापेक्षा कितीतरी पुढची होती. आमचं यंत्र बंद केलं की सगळं विसरायचं. लिहिलेलं टिकवायचं तर टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर भरून ठेवावं लागे आणि परत चढवताना सात-आठ मिनिटं नुसती किरकिर ऐकावी लागे. लाइट तर कधीही जायची. म्हणून मी नियम केला होता, दर दहा ओळींनंतर कॅसेटवर भरायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो एकदाही मोडला नाही.

त्या यंत्राला आवाज होता. एका वेळी तीन सूर, आणि चौथा नुसत्या खरखरीचा. खरखर अगदी तोकडी केली की ती ठोक्यासारखी लागे. वाजवायचं मात्र काही नाही, सगळं आकड्यांत लिहायचं. कोणता आवाज, किती मोठा, कोणता सूर, किती वेळ. एक ओळ म्हणजे एक ठोका. म्हणजे माझ्यापुरतं गाणं ही एक लांब यादी होती, आणि यादी मला जमते.

दादाचं लग्न बोथ गावच्या मुलीशी ठरलं तेव्हा त्यानेच हे डोक्यात घेतलं. "वरातीत घरचं गाणं वाजवू. बोथवाल्यांना वाटलं पाहिजे, नवरदेव अमेरिकेतून उतरला."

"नवरदेव तहसीलमध्ये फायली उचलतो," मी म्हटलं.

"ते त्यांना माहीत आहे. गाणं माहीत नाही ना!"

इथे बाबांची एक गोष्ट सांगून घेते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव तामसीकडचं. गावात डफडं वाजवायचं काम आमच्या माणसांकडे होतं. गावातल्या कुणाच्याही लग्नापुढे आणि कुणाच्याही मयतापुढे आमच्या माणसांनी वाजवत चालायचं, बोलावलं की नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबा वाजवत, आणि लहानपणापासून बाबाही. पुढे वस्तीने धम्म घेतला आणि ठरवलं, यापुढे डफड्याला कुणी हात लावायचा नाही. सगळी डफडी एका जागी आणली, कातडी चिरली आणि नाल्यात टाकली. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी कशावर म्हणून थाप मारली नाही. आम्ही लहानपणी ताट वाजवलं तरी म्हणायचे, "हात शांत." दर जयंतीला ते शाळेतल्या पोरांना सांगत, "या हातातून डफडं टाकलं, तेव्हा कुठे खडू आला." त्या एका वाक्यावर ते ताठ उभे असत. यंत्राचे ठोके त्यांना चालत होते. त्याला कातडं नव्हतं.

माझे पहिले ठेके घड्याळासारखे झाले. दादाने दोन मिनिटं ऐकलं. "याच्यावर नाच नाही होत, पीटी होते. एक-दो-एक-दो."

घरात टेबल एकच. एका बाजूला मी आणि टीव्ही, दुसऱ्या बाजूला बाबा आणि पुरवणी परीक्षेच्या वह्या. उजव्या हातात लाल पेन. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर वाजताहेत. अगदी हळू, टेबलाबाहेर ऐकू येऊ नये इतकी. आठ ठोके, पुन्हा आठ ठोके. त्यांचं ध्यान वहीत होतं.

मी मांडून घेतलं. सगळे ठोके सारख्या अंतराने, फक्त सातवा उशिरा. आधी वाटलं, चुकले. चार दिवस ऐकलं. सातवा दर वेळी तेवढाच उशिरा. आकड्यांत बसवलं तेव्हा इतर ठोक्यांमधलं अंतर सहा आलं आणि सातव्याच्या आधीचं आठ. चाल फार संथ होती, म्हणून आकडे निम्मे केले. तीन आणि चार. वरून एक लहानशी धून टाकली.

दादा दाढी करत होता. तोंडाला साबण तसाच ठेवून आला आणि डुलायला लागला. आई पाण्याची बादली घेऊन चालली होती, तिचा खांदा हलला आणि ती स्वतःच लाजली. त्या मागे राहिलेल्या ठोक्यात पाऊल उचललं जायचं आणि क्षणभर वरच राहायचं. सगळी गंमत तिथे होती.

बाबांनी वहीतून मान वर केली. "छान आहे. नाचण्यासारखं आहे."

ठेका कुठून आला ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते "हात शांत" म्हणाले असते, बोटं थांबली असती आणि मला अजून मधला तुकडा करायचा होता. कारण एवढंच होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी अंगणात मांडव भरलेला. बाबा तामसीचे पाहुणे आणायला बसस्टँडवर गेले होते. घरात राज्य आत्याचं. बाबांची ही थोरली बहीण, बाबांना ती अजून लहान्याच म्हणायची. टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवून मी गाण्याची कॅसेट लावली, यंत्रातून नुसता आवाज भरून घेतलेली. पोरी नाचायला लागल्या, मागोमाग बायका. आत्या पाटावरच्या दादाला हळद लावता लावता ओरडत होती, "अवो, हळू नाचा, मांडव पडते! नवरदेव राहीन बाजूले!"

तेवढ्यात लाइट गेली. मी टॉर्चमधले सेल काढून टेपरेकॉर्डरमध्ये घातले. ते उतरलेले होते. गाणं सुरू झालं पण ओढत, जाड आवाजात. धून ओळखू येईना, नुसते ठोके उरले. पोरींना हसू आवरेना. त्या तशाच नाचायला लागल्या, पाण्यात चालल्यासारखे हात पाय हलवत.

आत्याचा हात दादाच्या गालावर थांबला. तिने हळदीच्याच हाताने पदर डोक्यावर ओढला. मग उठून माझ्याकडे आली आणि टेपरेकॉर्डरची सगळी बटणं एकदम दाबली.

"बंद कर."

"आत्या, सेल उतरले, आत्ता दुसरे—"

"बंद कर म्हनलं ना! कोनं शिकवलं तुले हे?"

तिने मला दंडाला धरून मागे टाकीजवळ नेलं. मी खरं ते सांगितलं. बाबांची बोटं, टेबल, वह्या. ती खाली बसली.

"हे मयताचं हाय, पोरी. वस्तीतून निघालं का मसणवटीपर्यंत हेच वाजे."

मला पटेना. "मयताचं असं कसं असेल? सातवा ठोका तर नाचाचा आहे."

"तो सातवा कोनाचाच नाई. तो तुह्या बापाचा हाय." तिने पदराने तोंड पुसलं, गालाला हळद लागली. "माय गेली तवा तुह्या आज्याचा हातच उचलेना. त्यानं डफडं लहान्याच्या गळ्यात घातलं. दहा वर्साचं पोरगं. डफडं त्याच्याहून मोठं, चालता चालता खाली सरके. मंग तो गुडघ्यानं वर लोटे. लोटलं का ठोका मागं राहे. घरापासून नाल्यापर्यंत तसाच गेला. मी मांगून चालून राह्यली होती. मले नाई वळखू येनार?"

मांडवातून पोरींनी हाका मारल्या. गाणं काऊन बंद केलं म्हणून.

"त्याले सांगू नको," आत्या म्हणाली. "त्याले वाटते, आपन हात सोडवले. वाटू दे."

मी पुढे जाऊन सगळ्यांना सांगितलं की सेल संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी, वरातीच्या आधी, लाइट होती तेवढ्यात कामाला लागले. कॅसेटवरून सगळं चढवलं, सातव्या ठोक्याआधीची ओळ शोधली आणि चाराचे तीन केले. एक आकडा बदलायचा होता. तो बदलला आणि गाण्याची नवी कॅसेट भरायला लावली. आता आठही ठोके सारख्या अंतराने पडत होते. टेबलाशी उभी राहून मी ते शेवटपर्यंत ऐकलं. पाय जागचा हलला नाही.

बाबा आंघोळ करून पांढऱ्या शर्टाची बटणं लावत आले. थोडा वेळ ऐकत राहिले.

"आज काय बिघडलं? आधी पाऊल उचलत होतं."

"कॅसेट जुनी झाली, बाबा."

"कॅसेट नाही, ठेका. कुठेतरी घाई होतेय. हे बघ, असं होतं—"

आणि त्यांनी डाव्या हाताने टेबलावर वाजवून दाखवलं. माझ्यासमोर पहिल्यांदा, सगळा पंजा वापरून. सुरुवातीला माझ्याच वेगाने. मग नीट आठवावं म्हणून जरा संथ, मग आणखी संथ. मी "राहू द्या" म्हणाले असेन, नक्की आठवत नाही. सातव्या ठोक्याशी हात वर थांबला आणि त्यांचा उजवा गुडघा उचलला जाऊन टेबलाच्या फळीला खालून लागला. पेनांचा डबा वाजला. पुन्हा आठ ठोके, पुन्हा गुडघा, पुन्हा डबा. तिसऱ्या वेळी त्यांनी खाली पाहिलं.

गुडघा अजून वरच होता.

दारात आत्या उभी होती, हातात नवरदेवासाठी आरसा ठेवलेलं ताट. "लहान्या," एवढंच ती म्हणाली.

बाबांनी पाय खाली ठेवला, टेबलावरचा हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून खिशाशी नेला. यंत्र आपलं सारखे ठोके टाकतच होतं. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्याशी ते एरवी शाळेतली मराठी बोलत. त्या सकाळी गावचं बोलले.

"सरयच राहू दे."

मग शर्टाचं मनगटाचं बटण लावायला लागले. ते काजात जाईना, म्हणून मी लावून दिलं.

वरातीत ती सरळ ठोक्यांची कॅसेट लागली. पोरं नाचली, पोरं कशावरही नाचतात. बायका बाजूने चालत राहिल्या. दादाने जीपमधून मला खूण केली, हे काय झालं? मी हात हलवला, नंतर सांगते. अजून सांगितलेलं नाही.

बाबा सगळ्यांच्या पुढे होते, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते आणि माझ्याही नकळत मोजत होते. पाच, सहा, सात, आठ. स्टेट बँकेच्या कोपऱ्यापासून हॉलपर्यंत मोजलं. त्यांचं एकही पाऊल मागे राहिलं नाही. रस्त्यात खडी पडलेली होती तिथेही नाही. इतकं सांभाळून चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.