चढावर दम लागणारी पिकअप

आधी चहा संपवा, मग सांगतो. मध्येच हसू आलं तर माझ्या सतरंजीवर सांडाल. माणसाच्या हातून मूर्खपणा होतो, मान्य. पण तो मी किती पद्धतशीरपणे केला, ते ऐका.

वारज्याला आमची छोटी नर्सरी आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आम्ही झाडं विकतो त्यापेक्षा भाड्याने जास्त देतो. खराडीच्या मोठ्या ऑफिसांना हिरवळ हवी असते, पण ती सांभाळायला माणूस नको असतो. म्हणून दर सोमवारी आम्ही ताजी झाडं नेऊन ठेवायची आणि दमलेली परत आणायची. आमचं अर्धं घर तिथल्या एका इमारतीवर चालतं. शिवाय शेजारी तिची जुळी बहीण उभी राहत होती. तिचंही काम आम्हालाच मिळेल असं तिथल्या व्यवस्थापक, मेघना मॅडम, म्हणाल्या होत्या.

अडचण एकच होती, चढ. सामानाच्या आणि ऑफिसवाल्यांच्या गाड्या पहिल्या मजल्यावर न्यायला त्या इमारतीला एक वळणाचा रॅम्प आहे. ज्याने तो काढला असेल, त्याने आयुष्यात भरलेली गाडी चालवली नसणार. माझी डिझेल पिकअप रोज चालते. सोमवारी खराडी, बाकीचे दिवस मार्केट यार्ड नाहीतर कोणाच्या तरी बागेचं खत. गाडीने कधी तक्रार केली नव्हती. पण गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी ती रॅम्पच्या मध्यावर थांबली. पहिला गिअर, पाय तळापर्यंत दाबलेला, क्लच जळल्याचा वास, आणि मागे ऑफिसला आलेल्या गाड्यांची रांग. वॉचमनने चाकामागे दगड लावला. रांग मागे घ्यायला लावून मी उलटा खाली उतरलो. शेवटी झाडं माणसांच्या खांद्यावरून वर गेली, तोवर सगळं ऑफिस येऊन बसलं होतं.

पुढच्याही सोमवारी तेच झालं. मेघना मॅडम पुण्याच्याच. आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, झाडं सुंदर आहेत तुमची. पण ती बघायला आम्ही दर वेळी रॅम्पवर यायचं का?"

नव्या इमारतीचं काम त्या बोलण्यात हलताना मला दिसलं.

नवी गाडी घेणं शक्य नव्हतं. म्हणून ठरवलं, आहे तिलाच ताकद द्यायची, आणि तीही कमीत कमी खर्चात. मी शिकलेला मेकॅनिक नाही, पण जे काही येतं ते वाचून, बघून आणि करून आलंय. माझा नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा, तपासायचा, मग पुढचा. उगाच चार गोष्टी एकदम बसवल्या तर कशाने फरक पडला ते कळणार कसं?

गुलटेकडीच्या रशीदभाईंकडे गाडी नेली. त्यांच्या वडिलांपासून आमच्या गाड्या तिथेच जातात. त्यांनी विचारलं, भरता काय गाडीत? मी म्हटलं, झाडं. ते म्हणाले, कशी झाडं? मी जरा हसलोच.

"अहो रशीदभाई, झाडांना काय वजन असतं? पानंच ती!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

रशीदभाई म्हणाले, आधी फुकटातलं करू. टायरमध्ये हवा बरोबर भरली, एअर फिल्टर झटकला आणि टपावरचा लोखंडी सांगाडा उतरवला. रविवारी मी चाचणी घेतली. आमच्या मागच्या टेकडीवर देवळापर्यंत जाणारी चढण त्या रॅम्पपेक्षा काकणभर उभीच आहे. नेहमीच्याच कुंड्या आणि तेवढ्याच, नेहमीच्याच रांगेत ठेवल्या, म्हणजे चाचणी कशी चोख व्हायला हवी. सुनंदा, म्हणजे आमची ही, शेजारी बसली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत देवळाशी पोचली. मी इतका खूश झालो की उतरून देवाला नमस्कार केला. घरी आल्यावर कुंड्या परत सावलीत उतरवल्या, कारण रात्रभर ताडपत्रीखाली राहिल्या तर पानं पिवळी पडतात.

सोमवारी गाडी रॅम्पच्या मध्यावर थांबली.

मग डिझेलचा फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. रविवारी टेकडीवर झुळकेसारखी गेली, सोमवारी रॅम्पवर बसकण मारली. नवी क्लचप्लेट टाकली. रविवारी पाखरू, सोमवारी म्हैस. गाडीला ऑफिसचा कंटाळा येतो की काय, असं मला खरंच वाटायला लागलं. खराडीची हवा, सकाळचा गारवा, पंपावरचं डिझेल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

त्यातच आमच्याकडे झाडं भरणारी दोन माणसं कुरकुरायला लागली. काका, ही झाडं खातात काय, म्हणे. मी त्यांना चांगलंच सुनावलं. मी पन्नाशी ओलांडलेला, सुनंदाचे गुडघे दुखतात, तरी आम्ही दोघं रविवारी याच कुंड्या हसतखेळत चढवतो, आणि तुम्ही तरणेताठे सोमवारी कण्हता? त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुढची कुंडी उचलली. मला वाटलं, ओशाळले.

रॅम्पचीही तक्रार केली मी. आम्ही अडकायचो तिथे फरशी नेहमी ओली असायची. मी मेघना मॅडमना ऐकवलं की तुमच्या इमारतीत कुठेतरी गळती आहे, चाकं घसरतात, गाडी चढणार कशी? त्यांनी बिचाऱ्यांनी प्लंबर बोलावला. तो भिंती ठोकून बघायचा, छत तपासायचा, आणि काहीच सापडत नाही म्हणून परत जायचा. मी मनात म्हणायचो, हल्ली कामाची माणसं मिळत नाहीत.

शेवटी मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं. येत्या सोमवारी नव्या इमारतीचे मालक येणार आहेत, त्याआधी झाडं वर हवीत. नाहीतर त्या दुसरा नर्सरीवाला बघून ठेवतील.

आता काटकसर बाजूला ठेवणं भाग होतं. रशीदभाईंनी सायलेन्सर मोकळा करून दिला आणि इंजिनाला जास्त जोर मिळावा म्हणून एक इलेक्ट्रॉनिक डबी बसवली. वर म्हणाले, "काका, आता गाडीत बदलायचे फक्त तुम्हीच राहिलात."

त्या सायलेन्सरचा आवाज असा की शेजारच्यांनी विचारलं, शेती घेतली का, ट्रॅक्टर आणलेला दिसतोय. रविवारी टेकडीवर गाडी अशी उसळली की सुनंदाने डोळे मिटून घेतले. मी मात्र ठरवून टाकलं, उद्या खराडी जिंकायची.

सोमवारी मेघना मॅडम स्वतः रॅम्पच्या वरच्या टोकाला उभ्या होत्या. सुनंदाही शेजारी बसून आली होती, कारण एवढा खटाटोप करून नवरा जिंकताना तरी बघू, असं तिला वाटलं. वॉचमन सवयीने दगड घेऊन पुढे आला. त्याला मी हातानेच बाजूला केलं. गरज नाही आज.

गर्जना करत निघालो. वळण घेतलं. आणि नेहमीच्या जागी, जणू तिथे आमच्या नावाची पाटीच लावली होती, गाडी थांबली.

वॉचमन दगड लावता लावता ओरडला, "काका, रेडिएटर फुटला! पाणी आलं बघा!"

खरंच, गाडीखालून धार लागून पाणी उताराने चाललं होतं. मी बॉनेट उघडलं. रेडिएटर जागेवर, पाइप कोरडे, सगळं ठणठणीत. मी डोकं आत घालून बराच वेळ शोधत राहिलो. मॅडम खाली आल्या. त्यांचे बूट भिजले. त्या पाण्याचा माग काढत गाडीच्या मागे गेल्या.

मी बॉनेट बंद केलं आणि एकदा शेवटचा प्रयत्न म्हणून गाडी सुरू केली. आणि काय सांगू, गाडी सरसर वर गेली! थेट वर! मी खाली उतरून मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "बघा, इंजिनाला मोकळी हवा हवी होती. बॉनेट उघडल्याबरोबर चढली."

मॅडम चालत वर आल्या. त्यांनी गाडीचा मागचा फाळका पाडला आणि एका कुंडीच्या कडेच्या भोकाला बोट लावलं. अजून थेंब पडत होते.

"काका, तुम्ही आम्हाला झाडं पुरवता की टँकर?"

आता तुम्हाला त्या कुंड्यांबद्दल सांगायला हवं. ऑफिसात झाडं सुकतात अशी तक्रार आली, म्हणून हिवाळ्यात मीच हौसेने दुहेरी तळाच्या कुंड्या आणल्या होत्या. वरच्या भागात माती नि रोप, खाली पाण्याची टाकी. झाड आठवडाभर लागेल तसं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं तर बाहेर पडायला कडेला भोक. ती टाकी सोमवारी सकाळी गाडीत चढवायच्या आधी काठोकाठ भरायची, हे सुनंदाला मीच बजावलं होतं. रविवारी मात्र त्याच कुंड्यांच्या टाक्या कोरड्याठाक असायच्या, कारण ऑफिसातून परत आल्यावर त्या आम्ही पुढच्या सोमवारपर्यंत भरतच नव्हतो.

म्हणजे दर सोमवारी मी वारज्याचं पाणी अख्खं पुणं ओलांडून खराडीला नेत होतो. तिथे रॅम्पवर गाडी तिरकी झाली की ते सांडायचं, आणि त्याच पाण्यासाठी मी त्यांच्या भिंती ठोकायला लावल्या होत्या. त्या दिवशी मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो तेवढ्यात त्यातलं बरंच वाहून गेलं, म्हणून तर गाडी चढली.

मी सुनंदाकडे वळलो. अगं, तुला माहीत होतं ना पाणी किती जड असतं ते?

"होतं की," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही धरलं असेल हिशेबात. तुम्ही एवढं सगळं तपासता."

मग रविवारची टेकडी कशासाठी आहे असं वाटलं तुला?

ती थोडी लाजली. "मला वाटलं, मला फिरायला नेताय. तेवढं झाडांना पण वारं."

यावर मेघना मॅडम पहिल्यांदा हसल्या. रॅम्पच्या टोकाला भिंतीत एक नळ होता, गेली कित्येक वर्षं तिथेच असलेला. तो त्यांनी दाखवला. म्हणाल्या, पाणी आमच्याकडे आहे काका, तुम्ही फक्त झाडं आणा. मालक यायच्या आत आम्ही सगळ्यांनी मिळून टाक्या भरल्या. पाइप वॉचमनने धरला होता. प्लंबरची माफी मी त्याच दिवशी मागितली, झाडं भरणाऱ्या दोघांची दुसऱ्या दिवशी, भजी खाऊ घालून. नव्या इमारतीचं काम आम्हालाच मिळालं, आणि गाडी तिथला रॅम्प कोरड्या कुंड्या घेऊन शीळ घालत चढते.

रशीदभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, टायरमधली हवा तेवढी ठेवा, बाकीचं काढून देऊ का? सायलेन्सर मी परत जुना बसवून घेतला. शेजाऱ्यांनी आनंदाने पेढे मागितले.

टेकडीचा रविवार मात्र चालूच आहे. कुंड्यांच्या जागी आता चहाचा थर्मास असतो. परवा चढणीला लागलो तर गाडी जरा ओढल्यासारखी वाटली. मी कान देऊन ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हटलं, सुनंदा, टर्बो बघून घ्यायला हवा एकदा.

ती थर्मासचं झाकण लावत म्हणाली, "बघू या. आधी हँडब्रेक सोडा."