तेल हलवणारा

माझे सासरे, आमचे मामंजी, स्वयंपाकघरात येत ते फक्त तेल मागायला. तळणीचे उरलेले तेल सासूबाई एका उभट डब्यात साठवत आणि तो डबा पुढे सरकवत. मामंजी तो परसात नेत आणि त्यात तापलेल्या सुऱ्या बुडवत.

संस्थान होते तोवर ते शिलेखान्यात, म्हणजे सरकारी हत्यारांच्या कोठारात, कामाला होते. संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झाले, शिलेखान्याला कुलूप लागले आणि मामंजी कृष्णपुऱ्यातल्या घरी पेन्शन घेऊन बसले. बसणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी परसात भट्टी मांडली आणि ते जुन्या कानशी ठोकून भाजीच्या सुऱ्या करायला लागले. त्यानंतर जे काही बिघडे ते मध्य भारतामुळे. नळाला पाणी कमी आले, शेवेत तिखट जास्त पडले, शेजारच्या गायीने वाळवण खाल्ले, तरी ते शांतपणे म्हणत, "राज गेलं, अब तो ऐसाच चलेगा."

पाते कडक करायचे असले की तिघांना कामे असत. मामंजी सांडशीत लाल पाते धरून तेलात सोडत आणि भाजी कापावी तसे सरळ वरखाली करत. सासूबाई लाकडी उलथण्याने भोवतीचे तेल ढवळत. तेल पेटलेच तर दडपायला मी झाकण घेऊन उभी असे. "तेल झोपलं की पातं कच्चं राहिलं," असे मामंजींचे सांगणे. तापल्या पात्याभोवती वाफेचा पदर धरतो, तो हलवून मोडावा लागतो. पण पाते आडवे डुलले तर त्याचे एक अंग आधी निवते आणि ते वाकते. त्यामुळे कोणाचे काम मोठे हे ठरलेले होते. "धरणारा हात पाहिजे. हलवायला काय, कोणीपण चालतं," असे ते सासूबाईंच्या देखत सांगत. सासूबाई ढवळत राहत.

माझ्या नणंदेचे, कुसुमचे, लग्न ठरले. मामंजींच्या घराण्यात लेकीला बापाच्या हातची सुरी देऊन सासरी पाठवत. कुसुमसाठी घेतलेले पहिले पाते वाकले. मामंजी म्हणाले, तेलात भेसळ आहे. दुसरेही वाकले. त्याला कोळसा जबाबदार ठरला. त्यांचा उजवा हात बऱ्याच दिवसांपासून थरथरत होता. चहा सांडू नये म्हणून आम्ही त्यांचा कप अर्धाच भरत होतो आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नव्हते.

चांगली कानस एकच उरली होती आणि लग्न तोंडावर आले होते. मामंजींनी त्या कानशीचे पाते घडवले, पण भट्टीत घालायचे टाळू लागले. बाजारातून सुरी आणू का, असे माझ्या नवऱ्याने विचारले. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनीच भट्टी पेटवली आणि उलथणे मामंजींच्या हातात दिले.

"माझी कंबर धरलीये. वाकून ढवळणं होणार नाही. सांडशी मी धरते, तुम्ही तेल हलवा."

"बाईसाहेब, पातं आहे ते. भजी नाहीत."

"भज्यांनी कधी तक्रार केली नाही."

पाते पिकल्या बोरासारखे लाल झाल्यावर सासूबाईंनी ते उचलले, सरळ तेलात सोडले आणि वरखाली करू लागल्या. कंबर उत्तम वाकत होती. मामंजींच्या हातातले उलथणे क्षणभरही स्थिर नव्हते. डब्यातले तेल इतके बारीक आणि सगळीकडून हललेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

मामंजींनी पाते पुसले, डोळ्यासमोर धरले आणि त्यावर घासकामाची कानस ओढून पाहिली. कानस घसरली, म्हणजे पाते कडक झाले होते. सरळही होते. "आज तेल जागं होतं," ते म्हणाले. मध्य भारताचा उल्लेख केला नाही.

कुसुम ती सुरी घेऊन उज्जैनला गेली. पुढची सगळी पाती अशीच झाली. आल्यागेल्याला मामंजी आपल्या हातच्या सुऱ्या दाखवत आणि सासूबाई तेवढ्यापुरती कंबर धरून बसत.

मामंजी गेल्यावर काही महिन्यांनी गल्लीतले एक गृहस्थ आले. "भाभीजी, धरणारा हात तर तुमचाच होता, सबको मालूम है. एक सुरी करून द्या ना," म्हणाले. सासूबाईंनी नकार दिला. भट्टी आहे, कानस आहे, पण तेल हलवायला माणूस नाही, असे कारण सांगितले. ते गेल्यावर मी म्हटले, त्यात काय, मी हलवीन.

सासूबाई तेलाच्या डब्यावर माझे झाकण बसवत होत्या.

"कोणीपण नाही चालत," त्या म्हणाल्या.