मामाजींचा अंगठा आणि कळलावीचा कंद

पांढुर्ण्याच्या शाळेत माझा विज्ञानाचा तास चालू होता. यांचा फोन आला, "बाबा गेले. तू सौसरला ये." एवढंच. जेवण झाल्यावर मामाजी खुर्चीत टेकले आणि तिथेच... माझे सासरे, आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणायचे. आता काही आठवडे झाले, तरी घरात कोणी त्या खुर्चीत बसत नाही.

संत्र्याचा बगिचा आणि माणसांना आग्रहानं जेवू घालणं, यातच त्यांचा जीव रमायचा. मधूनच उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजायचा, चादर लागली तरी कळ यायची. "बाई, अंगठा जळून राहिला," असं म्हणत वर हसायचेही. डॉक्टरांनी गाऊट सांगितला आणि कोल्चिसिनची बारीक गोळी दिली. ठरल्यापेक्षा एकही जास्त घ्यायची नाही, जुलाब लागले की बंद करायची, असं बजावलं. मामाजी ते काटेकोर पाळायचे.

एका हिवाळ्यात ती गोळी चालू असतानाच त्यांच्या छातीत कफ झाला. दुसऱ्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणलं. खोकल्याचा आणि अंगठ्याचा काय संबंध, म्हणून तिथे पहिल्या गोळीबद्दल सांगायचं त्यांना सुचलंच नाही. मग उलट्या, जुलाब सुरू झाले, पाय इतके लटपटले की उभं राहता येईना. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "कोल्चिसिन शरीराबाहेर जायची वाट या दुसऱ्या औषधानं अडवली. डोस तोच, पण आत साठत गेला. यावर उतारा नाही, आपण फक्त सांभाळू शकतो." सासूबाई पलंगाचा कठडा धरून उभ्या होत्या. त्या दिवसांत आम्ही एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो... मामाजी हळूहळू सावरले.

घरी परतल्यावर मी बोलता बोलता सांगितलं, की हे औषध झाडापासून येतं आणि आपल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कळलावीच्या कंदातही तेच असतं. मामाजींना याचं भारी अप्रूप वाटलं. पावसाळ्यात तिची लाल-पिवळी फुलं आली, तशी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवू लागले. मग एक दिवस कळलं, की शेजारच्या रामाकोना गावच्या नामदेवकाकांचा, मामाजींच्या जुन्या दोस्ताचाही अंगठा सुजलाय आणि त्यांनी कंद खणून, काप करून उन्हात वाळत घातलाय. मामाजींचा चेहरा उतरला. "मीच सांगितलं त्याले," एवढंच म्हणाले आणि मला घेऊन लगेच रामाकोन्याला निघाले.

नामदेवकाका अंगणात पाय पसरून बसले होते. "तुमची गोळी याचीच ना? मंग घरचं सोडून इकत कायले घ्या?"

मामाजी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसले. "नाम्या, गोळीत औषध किती, ते तिच्यावर लिहिलं असते. या कंदात किती, ते कोणाले मालूम? मी मोजून खाल्लं, तरी मरता मरता वाचलो."

"तुम्ही वाचले ना?"

"हाव, वाचलो. पण तुई वहिनी अजून रात्री उठून माया छातीवर हात ठेवून पायते. तुया घरी हे पाहिजे का?"

काकांनी सुनेला हाक मारून ते काप खड्ड्यात पुरायला लावले. मामाजी त्यांना त्याच दिवशी सौसरला डॉक्टरकडे घेऊन गेले. मामाजींना शेवटचा खांदा दिला तो याच नामदेवकाकांनी, लंगडत.

कंदाच्या त्या प्रकारानंतर मामाजींना एक सवयच जडली होती. कोणी आजारी पडलं, की विचारायचे, "आधीच्या गोळ्या दाखवल्या का डॉक्टरले?" परवा मी माझ्या तापाचं औषध आणायला निघाले, तर स्वयंपाकघरातून सासूबाईंनी अगदी त्यांच्याच सुरात विचारलं, "आधीच्या गोळ्या घेतल्या का संग?" विचारलं आणि हातातली पळी तशीच धरून थांबल्या. मी आत जाऊन माझ्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट आणलं, त्यांना दाखवून पर्समध्ये टाकलं. "जाय मंग," त्या म्हणाल्या.