द्वादशीची तुळस

मांजलपूरच्या नर्सरीतले गुजराती काका रोप विकण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत. "ऊन किती येतं? गावाला गेलात तर पाणी कोण घालणार?" उत्तर पटलं नाही, तर साधा गवती चहाही देत नसत.

माझी रहस्यकथा दिवाळी अंकाकडून दोनदा परत आली होती. "घरोघरी केबल आल्यापासून वाचकाला खुनी दुसऱ्या पानावरच कळतो," असं संपादकांचं म्हणणं. वैतागून मी ती काकांना, कुंड्यांमध्ये उभा राहून, साभिनय वाचून दाखवली.

"खुनी तो म्हातारा वैद्य, बराबर?"

"नाही हो! भाचा. वैद्यबुवा तर देवमाणूस."

"शुं वात करो छो, भाई! द्वादशीला तुळस तोडायची नसते; देवमाणूस ती तोडेल? तो वैद्यच नाही, सोंग आहे!"

वैद्य तुळस खुडतो त्या प्रसंगात तिथी मी विचार न करता, सहज टाकली होती. घरी येऊन भाच्याला सोडलं, वैद्याला बेड्या घातल्या. कथा छापून आली!

पुस्तक निघालं तेव्हा म्हटलं, "काका, आभारात तुमचं नाव घालतो."

"नको, भाई! खुनाच्या पुस्तकात नाव वाचल्यावर माझ्याकडून काढ्याचा अडुळसा कोण नेणार?"

म्हणून हे आभार बिननावाचे; पण अगदी मनापासून.